दाजींच्या जीपची कॉइल

मी तोंडाचा फटकळ माणूस. शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत ज्यांच्या दारात अजून जुनी पेट्रोल जीप नाहीतर जुनी मोटार उभी आहे, त्या सगळ्यांना हे माहीत आहे. तरी ती माणसं माझ्याच गाळ्यावर येतात, कारण या गाड्यांची वायरिंग कळणारं आता दुसरं कोणी राहिलेलं नाही. नवीन पोरं गाडीला लॅपटॉप लावतात. या गाड्यांना लॅपटॉप लावायला जागाच नाही. इथं हाताला चटका बसवून घ्यावा लागतो, कान द्यावा लागतो, आणि गाडी कधी बंद पडली, कशी पडली, हे मालकाच्या तोंडून काढून घ्यावं लागतं. ते शेवटचं काम सगळ्यात अवघड. मालक म्हणतो, "बंद पडती." अरे बाबा, बंद तर सगळ्याच पडतात. गरम झाल्यावर पडते का थंड असताना? आचके देत पडते का एकदम? एवढं विचारलं की माणूस आभाळाकडं बघायला लागतो, आणि माझी सटकते.

तीस वर्षं हेच करतोय. आपलं कधी चुकत नाही असं मला मनातून वाटायचं, आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो. चुकलं ते दाजींच्या जीपला चुकलं.

दाजी म्हणजे आक्काचे मालक. आक्का माझी थोरली बहीण, इनामगावात दिलेली. घोड नदीच्या अंगाला त्यांचं रान, त्यात शेवंती आणि झेंडू, खालच्या तुकड्यात ऊस. दाजींच्या वडिलांच्या वेळची एक पेट्रोल जीप दारात होती, आणि तिच्यातनं फुलांचे क्रेट घेऊन ते एक दिवस शिरूरला, एक दिवस दौंडला जायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तो किती वर्षं म्हणत होता की आबा, ही विका आणि एखादा छोटा टेम्पो घ्या. दाजी हसायचे आणि जीप धुवायला घ्यायचे. बोलणं एकदम संथ. एक वाक्य सुरू केलं की मध्ये तंबाखू मळून होईल. मला मेव्हणं म्हणून अहोजाहो करायचे, तेही चिडवायला. "आमचं मेव्हणं लई हुशार, पर त्यांच्या गाळ्यावर जाताना माणसानं कानात कापूस घालून जावं," असं ते लग्नाच्या पंगतीत सांगायचे, आणि मला राग यायचा नाही. दाजींचा राग कुणालाच यायचा नाही.

आता आमच्या गाळ्याची एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिथं अडकलं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात. मी आदल्या दिवशी गाळा धुतो, पाने-पकडी रॉकेलनं पुसून ओळीनं मांडतो, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ज्या चांगल्या कॉइली मी काढून ठेवलेल्या असतात, त्यांना चंदेरी रंग मारतो. कॉइल म्हणजे साधारण तांब्याएवढा पत्र्याचा डबा, आत तारेची गुंडाळी आणि तेल. बॅटरीचा बारीक करंट घ्यायचा आणि ठिणगी पाडण्याइतका मोठा करायचा, हे तिचं काम. रंग मारल्यावर गंज दिसत नाही. हळदकुंकू लावून त्या ओळीनं बसवल्या की गाळा कसा लख्ख दिसतो. येणारा माणूस म्हणतो, जुन्या वस्तूसुद्धा नव्यासारख्या ठेवल्यात. मला ते ऐकायला आवडायचं.

पण कॉइल दोन जातीची असते. एक अशी, की जिच्या आतच पुरेसा अडथळा असतो, ती सरळ बॅटरीला जोडली तरी चालते. दुसरीला बाहेरून रेझिस्टर लागतो. रेझिस्टर म्हणजे चिनी मातीचा बोटभर तुकडा, आत तार. तो कॉइलकडं जाणारा करंट कमी करतो. दोन्ही कॉइली बाहेरून सारख्याच. फरक फक्त डब्यावर छापलेल्या बारीक इंग्रजी अक्षरांत. मी दोन जातींना दोन वेगळे खोके केले होते. त्या वर्षी पूजेला सगळ्या एका ओळीत मांडल्या, रंग जरा जाडच बसला होता, आणि पूजा उतरवताना मी त्या सगळ्या एकाच खोक्यात भरल्या. मनात म्हटलं, देताना अडथळा मोजायचा मीटर लावून बघू. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

चैत्रात एका दुपारी दाजींची जीप ट्रॅक्टरला बांधून गाळ्यावर आली. लग्नसराईचे दिवस, माझ्या दारात तीन गाड्या आधीच उभ्या, त्यातल्या एकाचं वऱ्हाड संध्याकाळी निघायचं होतं. मी बॅटरीवर वाकलेलो. दाजी येऊन शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या चालीनं सांगायला लागले, की सकाळी क्रेट भरलं, मग चहा घेतला, मग तुमची आक्का म्हणली...

"दाजी, गाडीचं बोला."

"तेच सांगतोय. सेल्फ मारला की घेती. चावी सोडली की मरती."

खरं सांगतो, इतकं नीट मला कुठल्याच मालकानं कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या एका वाक्यात सगळं निदान होतं. सेल्फ मारताना करंट रेझिस्टरला टाळून थेट कॉइलकडं जातो, म्हणून इंजिन घेतं. चावी सोडली की तोच करंट रेझिस्टरमधून जायला लागतो, आणि रेझिस्टर तुटलेला असेल तर तिथंच संपतो. मी टेस्ट लॅम्प लावला. रेझिस्टरच्या एका टोकाला दिवा लागला, दुसऱ्या टोकाला नाही. झालं. तुकड्याला मधोमध बारीक तडा गेलेला.

तसला रेझिस्टर शिरूरमध्ये नव्हता, दौंडला फोन केला, तिथंही नाही. पुण्याहून मागवायला आठ-पंधरा दिवस. दाजींची फुलं तोडून पडलेली. मी म्हटलं, थांबा, आतल्या अडथळ्याची कॉइल टाकतो, मग रेझिस्टरची गरजच नाही. हा उपाय चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. खोक्यात हात घातला, एक चकचकीत कॉइल काढली आणि जुनी उतरवायला लागलो.

दाजी म्हणाले, "मेव्हणं, मीटर लावून बघा की एकदा. मागल्या टायमाला लावला हुता तुम्ही."

वऱ्हाडाचा माणूस तेवढ्यात तिसऱ्यांदा विचारून गेला होता. उन्हानं डोकं फणफणत होतं. मीटर आत, टेबलाच्या खणात. मी दाजींना म्हटलं, "तुम्ही झेंडू लावा, गाडीचं मी बघतो. तीस वर्षं काय गवत उपटतोय का मी?"

दाजी हसले. "ऱ्हायलं," म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला गेले.

मी कॉइल बसवली, रेझिस्टर काढून टाकला, सरळ वायर जोडली. अर्ध्या सेल्फला इंजिननं घेतलं. प्लगची ठिणगी बघितली, अशी जाड आणि निळी की माझंच मला कौतुक वाटलं. इतकी जाड ठिणगी का पडतेय हा प्रश्न त्या क्षणी पडायला पाहिजे होता. वापरलेल्या साध्या कॉइलची ठिणगी इतकी नसते. मी उलट दाजींना हाक मारून ती दाखवली.

पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यांचे तीन फोन आले. गाडी निघताना झकास, पण वीस-पंचवीस मिनिटं चालली की एकदम बंद, अर्धा तास थांबलं की परत चालू. हे कॉइल तापत असल्याचं लक्षण. पहिल्या फोनला मी म्हटलं, वापरलेली आहे, जरा कमजोर असेल. रेझिस्टर आला की दोन्ही नवं टाकू, तोवर बाटलीत पाणी ठेवा, बंद पडली की बॉनेट उघडून कॉइलवर ओलं फडकं टाका, गार झाली की निघा. जुने ड्रायव्हर हे करायचेच. उन्हाळ्यात घाटात बॉनेट उघडून ओलं फडकं घालून उभी असलेली गाडी मी लहानपणापासून बघितली आहे. दुसऱ्या फोनला तेच सांगितलं. तिसऱ्या फोनला म्हटलं, घेऊन या.

ते सकाळी सातला घेऊन आले. बॉनेट उघडलं, बोट लावलं, कॉइल थंडगार. इंजिन घड्याळासारखं चाललेलं.

"दाजी, थंड गाडी आणून मला काय दिसणार? दुखणं दिसलं पाहिजे ना. गरम करून आणायची."

"अवो, गरम हुती तवा मी रस्त्यात हुतो. फाट्यावर फडकं टाकून गार केली, तवा हितवर आली. आता मी काय करू?"

त्या दिवशी वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून शेजारी उभं राहिलो असतो, तर कॉइलला हात लावता आला नसता, आणि मला कळलं असतं. माझ्या हातात दुसऱ्याचं काम होतं. मी म्हटलं, रेझिस्टरचं पार्सल दोन दिवसांत येतंय, आल्यावर फोन करतो, तोवर फडकं आहेच. ते गेले. पार्सल तिसऱ्या दिवशी आलं. दाजींचं झालं ते दुसऱ्या दिवशी.

भाच्याची मोटरसायकल दुरुस्तीला टाकलेली होती, म्हणून दाजी दुपारी त्याला आणायला कुरकुंभला गेले. शिफ्ट सुटायला वेळ होता. कंपनीपासून थोडं अलीकडं, हायवेच्या कडेला लिंबाखाली जीप लावून ते बसले. मोबाइल उतरला होता. चार्जरचं सॉकेट मीच जीपला बसवून दिलेलं, चावी चालू असली तरच चालणारं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि चावी चालू ठेवून मोबाइल लावला. तासभर. इंजिन बंद आणि चावी चालू असली की कॉइलमधून करंट सारखा वाहत राहू शकतो. योग्य कॉइल त्यात गरम होते, खराबही होईल कदाचित. पण मी बसवलेल्या कॉइलमधून, रेझिस्टर नसताना, त्याच्या दुप्पट करंट जात होता.

भाचा सुटून आला. दाजींनी सेल्फ मारला, गाडी घेईना. मेव्हण्यानं सांगितलेला उपाय त्यांना पाठ होता. बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, आणि वाकून कॉइलवर ठेवला. डब्याचं काळं टोपण फुटलं आणि आतलं उकळतं तेल त्यांच्या तोंडावर आलं.

भाचा शेजारीच होता. त्यानं बापाला तसंच उचललं आणि कंपनीच्या गेटात पळवत नेलं. डोळ्यात काही उडालं तर धुवायची तोटी असते तिथं, तिच्याखाली त्यानं त्यांचं तोंड पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवलं. डॉक्टर पुढं म्हणाले, त्यानं तेवढं केलं म्हणून डावा डोळा राहिला. उजव्याचं मात्र पुण्याला हलवल्यावरही काही सांगत नव्हते. बघू, म्हणायचे. थांबू, म्हणायचे.

मला फोन आला तेव्हा मी गाळ्यावर होतो. भाचा म्हणाला, "मामा, कॉइल फुटली." दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की चावी चालू राहिली म्हणून झालं असणार, कुठल्याही कॉइलचं झालं असतं. दारात आक्का बसलेली. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आलास. आता मला धीर हाय."

दुसऱ्या दिवशी जीप ओढून माझ्या गाळ्यावर आणून सोडली. मी शटर अर्ध्यावर ओढलं. फुटकी कॉइल काढली आणि खणातला मीटर काढून तिच्या दोन टोकांना लावला. तीन ओहमच्या आसपास दिसायला पाहिजे होतं. दीड दिसलं. मीटरच्या पिना पुसून परत लावली. दीडच. मग चाकूनं चंदेरी रंग खरवडला. थोडा खरवडल्यावर अक्षरं दिसायला लागली. बाहेरचा रेझिस्टर लावूनच वापरा, अशा अर्थाची ती ओळ. मी ती चार-पाच वेळा वाचली. खाली फरशीवरच बसलो.

मग उठून खोक्यातली एकेक कॉइल तपासली. दोन्ही जाती एकात एक. त्या खोक्यातनं आणखी दोन गाड्यांना मी कॉइली दिल्या होत्या. एक केंदूरची, एक शिरूरातलीच. दोघांच्या घरी गेलो, काहीतरी कारण सांगितलं आणि बदलून दिल्या. केंदूरवाला म्हणाला, असा कारागीर बघितला नाही, घरी येऊन वस्तू बदलून देतो. मी त्याचा चहासुद्धा घेतला.

पुण्याच्या दवाखान्यात मी सतरा दिवस जाऊन-येऊन होतो. सांगायचं ठरवूनच जायचो. पण गेलो की काय ऐकायला मिळायचं? दाजींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि भेटायला येईल त्याला ते सांगायचे, "माझीच चूक. चावी चालू ठिवली मी. मेव्हण्यानं किती येळा सांगितलंय, इंजिन बंद तर चावी बंद. ऐकलं न्हाई." मी ते सांगायचो हे खरं आहे. सगळ्यांना ओरडून सांगायचो. भाचा तिथंच उभा राहून बापाला बोलायचा. "एका मोबाइलपायी डोळं घालवलं. मामा हज्जारदा सांगत हुता. आन् मी म्हणत हुतो का न्हाई, ही जीप विका म्हणून?" पट्टीखालनं दाजींचं तोंड काय सांगत होतं ते मला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला बरं वाटायचं. असा मी भेकड.

आक्का तर माझ्या पाया पडायची बाकी होती. भाऊ धावून आला, भावानं काम बंद ठेवलं, भाऊ रात्रंदिवस उभा आहे. हे ती शेजारच्या खाटेवरच्यांना सांगायची. प्रत्येक वेळी तोंडात मारल्यासारखं व्हायचं, आणि मी खाली जाऊन औषधं घेऊन यायचो.

उजवा डोळा गेला. ज्येष्ठात घरी सोडलं. आषाढात भाच्यानं जीप भंगारवाल्याला देऊन टाकली. गाडी नेली तेव्हा दाजी माडीवर जाऊन बसले होते, असं आक्का म्हणाली.

एका डोळ्यानं दिसतं, पण अंतर कळत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. दाजी बशीत चहा ओततात तो बशीच्या बाहेर पडतो. शेवंती तोडताना बोटं फुलाच्या अलीकडंच मिटतात, मग ते दुसऱ्या हातानं फांदी चाचपडून पकडतात आणि तोडतात. आधी तासाभरात दोन सऱ्या करणारा माणूस, आता एकीला दुपार होते. उजव्या अंगानं कुणी आलं की दचकतात. एकदा ट्रॉलीच्या कोपऱ्यावर कपाळ फोडून घेतलं. आक्का पदरानं रक्त पुसत त्यांनाच बोलत होती, की एवढं झालं तरी यांचं ध्यान नसतंय. दाजी "व्हय, व्हय" म्हणत होते. आधी ते अशा वेळी काहीतरी चिडवायचे. आता चिडवत नाहीत. मला अहोजाहोही करत नाहीत.

ते "व्हय, व्हय" मला सहन होईना. डोळा गेला ते गेला, पण माणूस स्वतःला मूर्ख समजायला लागला होता. मोटर चालू करायची तर मुलाला विचारायचा, औषध मारायचं तर मुलाला विचारायचा. ही माझी करणी, आणि ती त्यानं स्वतःच्या नावावर घेतली होती. गणपती उठल्यावर एका सकाळी मी ती फुटकी कॉइल पिशवीत घातली आणि इनामगावला गेलो. आक्का घरी भाकरी करत होती. मी सरळ रानात गेलो.

दाजी शेवंतीत ठिबकची नळी सरळ करत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूनं गेलो, दिसावं म्हणून. बांधावर बसलो. पिशवीतनं कॉइल काढून त्यांच्या हातात दिली, आणि सगळं सांगितलं. खंडेनवमीचा रंग, एक झालेले खोके, मीटर न लावणं, दीड आणि तीनचा हिशेब. काही लपवलं नाही. चावी चालू ठेवली म्हणून झालं नाही, मी चुकीची कॉइल लावली म्हणून झालं, हे दोनदा सांगितलं.

दाजींनी कॉइल डोळ्याजवळ धरली. खरवडलेल्या जागी अंगठा फिरवला. "काय लिव्हलंय?" म्हणाले. मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला.

नळीच्या भोकातनं थेंब पडत होता तिकडं ते बघत राहिले. मग म्हणाले, "मीटर लावायला किती येळ लागतो?"

"अर्धा मिनिट."

त्यांनी मान हलवली. कॉइल परत माझ्या पिशवीत ठेवली. पहिल्यांदा पिशवीच्या बाहेर गेली, मग हात चाचपडत आत घातली.

मी म्हटलं, "दाजी, आत्ताच घरी चला. आक्काला आणि भाच्याला मी माझ्या तोंडानं सांगतो. तुम्ही उगाच बोलणी खाताय."

"न्हाई सांगायचं."

"का?"

"तुझी आई गेली, बाप गेला. तिला तुझ्याबिगर कोण हाय? हे कळलं तर ती तुझ्या दारात पाय ठिवायची न्हाई, आन् तुला हितं ठिवू द्यायची न्हाई. मी ओळखतो तिला. मग सणाला ती कुठं जाईल? माझा डोळा गेला, तो काय येत न्हाई. तिचं म्हायार कशाला घालवू?"

मला रडू आवरेना. त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही मला माफ केलं, हे माझ्यावर..."

"मी तसं म्हणलो न्हाई," दाजी म्हणाले.

तेवढंच. आवाज चढवला नाही. मी बांधावर वाकलेला तसाच राहिलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "रानात एकटा येत जाऊ नगंस माझ्याकडं. घरी येत जा, ती असंल तवा. पहिल्यासारखा." आणि नळी सरळ करायला लागले.

आक्काला लिहितावाचता येत नाही, भाचा मोबाइलशिवाय काही वाचत नाही. म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. दाजींनी कुणाला सांगू नको म्हटलं, ते मी यातसुद्धा मोडतोच आहे. पण गाळ्यावर बसल्या बसल्या हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवेना. आता खंडेनवमीला मी हत्यारं पुसतो, पण कॉइली रंगवत नाही. दोन्ही टोकांना मीटर लावल्याशिवाय वस्तू गाडीत जात नाही, मग वऱ्हाड थांबो नाहीतर मंत्री थांबो. लोकांना वाटतं, म्हातारपणी जास्तच काटेकोर झालाय.

त्या दिवाळीला भाऊबीजेला इनामगावला गेलो. न जाऊन चाललं नसतं. आक्कानं पाट मांडला, रांगोळी काढली, मला टोपी घालायला लावली. दाजी भिंतीला टेकून बसलेले, भाचा दारात. आक्कानं मला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ओवाळता ओवाळता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "या वर्साला तू नसतास तर आम्ही कुठं गेलो असतो रे? आन् यांना अजून पटत न्हाई. काल मला म्हणत हुतं, चावीनं एवढं हुतंय व्हय. तू जाणता हाईस, तूच सांग यांना."

मी दाजींकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, त्या एका डोळ्यानं. रागावलेले नव्हते. मी काय बोलतो याची वाट बघत होते.

मी म्हटलं, "व्हय आक्का. चावी बंद ठेवायला पाहिजे होती."

"चुकलंच माझं," दाजी म्हणाले, आणि आक्कानं माझ्या तोंडात लाडू घातला.